कोळशावरील बॉयलरमध्ये साचणारी राख कशी आटोक्यात आणावी?

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. आपला बॉयलर कोळशाची भुकटी जाळणारा असून त्याचे बर्नर चार कोपऱ्यांत आहेत. कोळशाचा स्रोत बदलल्यापासून फर्नेसच्या (बॉयलरच्या ज्वलनकक्षाच्या) भिंतींवर क्लिंकर (वितळून घट्ट झालेली राख) धरू लागला आहे, सुपरहीटरमध्ये (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांमध्ये) वाफ थंड करणारे स्प्रेचे पाणी पूर्वीपेक्षा बरेच जास्त सोडावे लागते, आणि सूटब्लोइंगच्या (वाफेच्या झोताने राख झाडण्याच्या) फेऱ्या दुप्पट करूनही म्हणावा तसा फरक पडलेला नाही. आता रासायनिक ॲडिटिव्ह विकत घ्यावे की आणखी ब्लोअर बसवावेत, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की या दोहोंपैकी एकही गोष्ट आज करू नये. राख नळ्यांवर का चिकटते याचे कारण बहुतेक वेळा फर्नेसमधील तापमानात आणि ऑक्सिजनच्या असमान वाटपात असते, आणि ते कारण तसेच ठेवून केलेली साफसफाई कितीही वाढवली तरी अपुरीच पडते.

प्रथम साचलेली राख कोणत्या भागात आहे हे नेमके ठरवावे लागते, कारण फर्नेसच्या भिंतीवरचे स्लॅगिंग आणि पुढच्या नळ्यांवरचे फाउलिंग या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. स्लॅगिंग जिथे ज्वाळेचे थेट प्रारण पोहोचते अशा भागात, म्हणजे वॉटरवॉल (पाण्याच्या नळ्यांची भिंत), बर्नरची तोंडे, हॉपरचे (तळाशी राख गोळा होणाऱ्या भागाचे) उतार आणि वरच्या प्लेटन सुपरहीटरवर (फर्नेसमध्ये लोंबणाऱ्या नळ्यांच्या पडद्यांवर) होते, आणि तिथली राख अर्धवट किंवा पूर्ण वितळलेली असते. फाउलिंग त्यापुढे, फ्लू गॅस (ज्वलनातून निघालेला वायू) थंड होत जातो त्या मार्गावर, म्हणजे नंतरचा सुपरहीटर, रीहीटर (टर्बाइनमधून परत आलेली वाफ पुन्हा तापवणाऱ्या नळ्या) आणि इकॉनॉमायझर (बॉयलरचे पाणी आधी तापवणाऱ्या नळ्या) यांवर होते. तिथे राखेचे कण स्वतः वितळलेले नसतात. त्यांना सोडियम, पोटॅशियम किंवा कॅल्शियमची सल्फेटे एकमेकांशी सांधत असतात. शुद्ध सोडियम सल्फेट ८८४ अंश सेल्सिअसला वितळते आणि इतर सल्फेटांशी मिसळले की त्याहूनही कमी तापमानाला मऊ होते. त्यामुळे राखेचा वितळणांक १३०० अंशांच्या वर आहे एवढ्यावरून फाउलिंग होणार नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

राखेचा थर वाढतो कसा, हे समजून घेणे पुढील सगळ्या निर्णयांसाठी उपयोगाचे आहे. स्वच्छ नळीवर सुरुवातीला अतिसूक्ष्म कणांचा पांढुरका, सैल थर बसतो. हे कण एक मायक्रॉनहून लहान असतात आणि गरम वायूकडून थंड नळीकडे ओढले जातात. त्यांच्याबरोबर वाफेच्या रूपातील अल्कली क्षारही तिथे गोठतात. या थराची उष्णतावाहकता पोलादाच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी असते. त्यामुळे थर काही मिलिमीटर जाड झाला की नळी आतून पाण्याने थंडच राहते, पण थराचा बाहेरचा पृष्ठभाग झपाट्याने तापत जातो. तो पुरेसा तापला की चिकट होतो, आणि मग दहा मायक्रॉनहून मोठे कण, जे एरवी आपटून परत उडाले असते, तेही तिथेच चिकटतात. म्हणजे थर जितका जाड तितका त्याचा पृष्ठभाग गरम, आणि जितका गरम तितकी पुढची वाढ जलद. हे चक्र सुरुवातीच्या टप्प्यात तोडणे सोपे असते. बाहेरचा पृष्ठभाग काचेसारखा वितळून वाहू लागल्यावर मात्र वाफेच्या झोतालाही तो दाद देत नाही. आपल्या ब्लोअरच्या फेऱ्या वाढवूनही फरक न पडण्याचे हे एक संभाव्य कारण आहे.

आता कोळशाकडे येतो. नव्या कोळशाचा करार करताना सहसा उष्मांक, आर्द्रता, राखेचे प्रमाण आणि गंधक एवढेच पाहिले जाते. राखेचे प्रमाण कमी म्हणजे त्रास कमी, अशी समजूत फार रूढ आहे आणि ती चुकीची आहे. सिलिका आणि ॲल्युमिना भरपूर असलेली ४० टक्के राख फर्नेसमध्ये अजिबात न चिकटता निघून जाऊ शकते. ती नळ्या घासून झिजवील, पण क्लिंकर करणार नाही. उलट ५ टक्के राखेच्या कोळशात लोह, कॅल्शियम किंवा सोडियम जास्त असेल तर तो काही दिवसांत भिंती झाकून टाकतो. म्हणून राखेचे संपूर्ण रासायनिक पृथक्करण मागावे आणि आम्लारी ऑक्साइडे (लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम) यांच्या बेरजेला आम्लधर्मी ऑक्साइडांच्या (सिलिका, ॲल्युमिना, टायटॅनिया) बेरजेने भागावे. हे गुणोत्तर फार कमी असताना राख उशिरा वितळते, ते साधारण ०.४ ते ०.७ च्या पट्ट्यात आले की वितळणांक खाली घसरतो, आणि फार वाढले की तो पुन्हा चढतो. बिट्युमिनस प्रकारच्या राखेसाठी या गुणोत्तराला कोरड्या कोळशातील गंधकाच्या टक्केवारीने गुणण्याची पद्धत आहे. उत्तर ०.६ पेक्षा कमी आले तर स्लॅगिंगची शक्यता कमी, २ पेक्षा जास्त आले तर ती मोठी समजतात. हेच गुणोत्तर राखेतील सोडियम ऑक्साइडच्या टक्केवारीने गुणले तर फाउलिंगचा अंदाज मिळतो, तिथे ०.२ च्या खाली निर्धास्त राहता येते आणि १ च्या वर परिस्थिती गंभीर असते. राखेत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बेरीज लोहापेक्षा जास्त असेल तर मात्र ती लिग्नाइट प्रकारची राख ठरते आणि हे दोन्ही निर्देशांक तिला जसेच्या तसे लावू नयेत. सोडियमचा प्रभाव किती असू शकतो हे पाहायचे असेल तर उत्तर डाकोटातील लिग्नाइट आणि चीनच्या शिनजियांग प्रांतातील झुनडोंग कोळसा ही जगभर अभ्यासली गेलेली उदाहरणे आहेत. दोन्हींची राख थोडी असते, पण सोडियममुळे नळ्यांमधील वाटा बंद होण्याइतके फाउलिंग होते.

प्रयोगशाळेतील राख-वितळण चाचणीविषयी थोडे सावधपणे बोलले पाहिजे. त्या चाचणीत कोळसा मंद तापमानाला जाळून, त्याची राख एकजीव करून, तिचा शंकू तापवला जातो. फर्नेसमध्ये असा सरासरी शंकू कुठेही नसतो. तिथे एक कण जवळजवळ शुद्ध क्वार्ट्झचा असतो, दुसरा चिकणमातीचा, तिसरा पायराइटचा (लोह आणि गंधकाच्या खनिजाचा), आणि चिकटण्याचे काम यांपैकी सर्वांत आधी वितळणारा कण करतो. शंकूचे टोक गोल होण्याच्या तापमानाच्या बरेच आधी, कधी शंभराहून अधिक अंश आधी, कण एकमेकांना सांधू लागतात. म्हणून या चाचणीचा उपयोग दोन कोळशांची तुलना करण्यासाठी करावा, सुरक्षित मर्यादा म्हणून करू नये. आणि चाचणी ऑक्सिजनयुक्त तसेच ऑक्सिजनविरहित अशा दोन्ही वातावरणांत करून घ्यावी. या दोन आकड्यांतील फरक मोठा असेल, तर आपल्या राखेत लोहाचे काम चालू आहे आणि पुढील परिच्छेद आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहेत.

लोह हे ऑक्सिजनच्या उपलब्धतेप्रमाणे आपले वर्तन बदलते. पुरेसा ऑक्सिजन असेल तर ते फेरिक रूपात राहते आणि राखेचा वितळणांक फारसा खाली आणत नाही. ऑक्सिजन कमी पडला की ते फेरस रूपात येते, सिलिकाशी जुळून १२०० अंशांच्या आसपास वितळणारी संयुगे बनवते, आणि क्लिंकर धरतो. पायराइटची गोष्ट आणखी त्रासदायक आहे. त्याची घनता पाण्याच्या सुमारे पाचपट, म्हणजे कोळशाच्या तिप्पट-चौपट असते. त्यामुळे ज्वाळेच्या भोवऱ्यातून त्याचे जाड कण बाहेर फेकले जाऊन भिंतीवर आपटतात. ते अर्धवट जळालेले असतील तर लोहाचे ऑक्साइड आणि सल्फाइड यांचे ९४० अंशांच्या आसपासच वितळणारे मिश्रण त्यांत असते, म्हणजे ते भिंतीवर थेंबाच्या रूपातच पोहोचतात. बर्नरच्या पातळीवर, भिंतीच्या ठरावीक पट्ट्यात, काळा, जड, चुंबकाला ओढला जाणारा क्लिंकर सापडत असेल तर मूळ बहुधा इथे आहे.

ऑक्सिजन कमी पडतो कुठे, हा खरा तपासाचा भाग आहे, आणि नियंत्रण कक्षातील आकड्यावर इथे मुळीच विसंबून राहू नये. तो आकडा इकॉनॉमायझरनंतरच्या विश्लेषकाचा असतो. समजा तिथे ३.५ टक्के ऑक्सिजन दिसतो आहे. याचा अर्थ साधारण २० टक्के अतिरिक्त हवा आहे असा होतो आणि कोणीही समाधानी राहील. परंतु बॉयलर ऋण दाबावर (बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबावर) चालतो, आणि पेंटहाऊसची (बॉयलरच्या छतावरील बंदिस्त जागेची) फटी पडलेली सीलिंग, नळ्या भिंतीतून आरपार जातात त्या जागा, झिजलेले एक्स्पान्शन जॉइंट (उष्णतेने होणारा फुगवटा सामावणारे लवचीक सांधे), उघडी राहिलेली निरीक्षणद्वारे यांतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ही हवा ज्वलनाच्या काहीच उपयोगी पडत नाही, पण विश्लेषकात मोजली जाते. फर्नेसच्या निर्गमापाशी (वायू फर्नेसमधून बाहेर पडतो तिथे) प्रत्यक्ष १.५ टक्केच ऑक्सिजन असेल, तर तिथली अतिरिक्त हवा ८ टक्क्यांपेक्षाही कमी आहे. म्हणजे जिला आपण ज्वलनाची अतिरिक्त हवा समजत होतो तिच्यापैकी मोठा भाग बर्नरच्या वाटेने आलेलाच नाही. जुन्या बॉयलरमध्ये ही तफावत मी वारंवार पाहिलेली आहे, आणि क्लिंकरच्या तक्रारीत ती सर्वप्रथम तपासावी असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी पाण्याने थंड ठेवलेली सक्शन प्रोब फर्नेसच्या निर्गमाच्या आडव्या छेदात वेगवेगळ्या खोलीवर सारून ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड आणि वायूचे खरे तापमान मोजावे. साधे थर्मोकपल तिथे वापरू नये, कारण भोवतालच्या थंड नळ्यांकडे होणाऱ्या प्रारणामुळे ते खऱ्यापेक्षा बरेच कमी तापमान दाखवते. हे काम कष्टाचे आहे. दोन्ही बाजूंनी, स्थिर लोडवर (वीजनिर्मितीच्या स्थिर पातळीवर), एका पूर्ण पाळीचा वेळ त्याला द्यावा लागतो. पण त्यातून मिळणारा नकाशा हा या संपूर्ण प्रश्नातील सर्वांत मोलाचा कागद असतो. डाव्या बाजूला ४ टक्के आणि उजव्या कोपऱ्यात शून्याच्या जवळ ऑक्सिजन व हजारो पीपीएम कार्बन मोनॉक्साइड असे चित्र दिसले, तर क्लिंकर उजवीकडेच का धरतो याचे उत्तर आपोआप मिळते. निर्गमाचे तापमान राखेच्या प्रारंभिक विरूपण तापमानापेक्षा (शंकूचे टोक गोल होऊ लागते त्या तापमानापेक्षा) किमान ५० अंशांनी कमी असावे, हा रूढ दंडक मी पाळतो, पण सुरक्षिततेची हमी म्हणून नव्हे. त्यातही वर सांगितलेल्या दोन चाचण्यांपैकी ऑक्सिजनविरहित चाचणीचा आकडा धरतो.

असा असमतोल बहुधा कोळसा दळणाऱ्या मिलपासून सुरू होतो. एकाच मिलमधून बर्नरकडे निघणाऱ्या चार नळांत भुकटीचे वाटप समान नसते. जवळच्या नळात जास्त आणि लांबच्या नळात कमी असे होते. स्वच्छ हवेचा वेग नळानळांत सरासरीच्या दोन टक्क्यांच्या आत आणि भुकटीचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत जुळावे, असा प्रयत्न ठेवावा. त्यासाठी नळांतील ऑरिफिस (प्रवाह आवळणाऱ्या छिद्राच्या चकत्या) झिजले आहेत का, हे आधी पाहावे. भुकटीच्या बारीकपणात ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून ७० टक्के जाणे एवढेच बहुतेक ठिकाणी पाहिले जाते. माझ्या दृष्टीने ३०० मायक्रॉनच्या चाळणीवर काय उरते ते अधिक महत्त्वाचे आहे. तिथे एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त जाड कण उरत असतील तर तेच उशिरा जळतात, फर्नेसच्या वरच्या भागात तापमान वाढवतात, भिंतीवर आपटतात आणि राखेतील न जळलेला कार्बनही वाढवतात. क्लासिफायरची (जाड कण परत मिलमध्ये पाठवणाऱ्या भागाची) पाती, ग्राइंडिंग रोलरची झीज आणि स्प्रिंगचा ताण यांची दुरुस्ती ॲडिटिव्हच्या एका हंगामाच्या खर्चापेक्षा सहसा स्वस्त पडते. मिलचे पायराइट रिजेक्ट हॉपर (न दळले गेलेले जड खडे साठवणारे) नियमित रिकामे होतात ना, हेही पाहावे. ते भरून राहिले तर जो पायराइट बाहेर पडायचा तोच दळला जाऊन फर्नेसमध्ये जातो.

नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी ज्या बॉयलरमध्ये बर्नरपाशी हवा मुद्दाम कमी ठेवून उरलेली वरून सोडतात, तिथे खालचा भाग हेतुतः ऑक्सिजनविरहित होतो. अशा वेळी वरची हवा सोडण्याचे प्रमाण आणि स्लॅगिंग यांत तडजोड करावी लागते. कोपऱ्यांतून जळणाऱ्या फर्नेसमध्ये दुय्यम हवेचे काही झोत कोळशाच्या झोतापेक्षा थोडे भिंतीकडे वळवून भिंतीलगत हवेचे आवरण राखता येते. ही सोय आपल्या बॉयलरमध्ये असेल तर तिचे कोन आजही मूळ जागी आहेत का, ते पुढच्या बंद काळात प्रत्यक्ष मोजून पाहावे. बर्नरची जळून वाकडी झालेली टोके आणि नियंत्रण कक्षात एक, तर प्रत्यक्षात दुसरेच उघडलेले डॅम्पर (हवेच्या झडपा), या दोन गोष्टींनी चांगल्या रचनेचे फर्नेसही बिघडते.

बर्नरचा झोत वर-खाली कलवण्याविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे, कारण तिथे स्वयंचलित नियंत्रणच राखेला मदत करते आणि ते सहज लक्षात येत नाही. भिंती क्लिंकरने झाकल्या की त्या कमी उष्णता शोषतात, वायू अधिक गरम होऊन वर जातो आणि रीहीट वाफेचे तापमान वाढते. ते खाली आणण्यासाठी नियंत्रक बर्नर खाली कलवतो. त्यामुळे ज्वाळेचा गरम गाभा हॉपरच्या उतारांजवळ येतो आणि तिथेही क्लिंकर धरू लागतो. उलट स्थितीत, म्हणजे रीहीटरच्या नळ्यांवर फाउलिंग झाले की वाफेचे तापमान कमी पडते, बर्नर वर कलतात, फर्नेसच्या निर्गमाचे तापमान चढते, आणि ज्या नळ्यांवर आधीच राख आहे त्यांच्याकडे आणखी गरम, आणखी चिकट राख जाते. म्हणून कलाची स्थिती आणि स्प्रेचे पाणी यांचा एकत्रित आलेख रोज पाहण्याची सवय लावावी. कल सतत एका टोकाला जाऊन बसला असेल तर स्वयंचलित नियंत्रण काही काळ बाजूला ठेवून, कोणता भाग अस्वच्छ आहे ते शोधून तो आधी साफ करावा. शक्य असेल तेव्हा वरची मिल बंद ठेवून खालच्या मिलवर चालवल्यानेही निर्गमाचे तापमान उतरते.

आपण दिलेल्या माहितीत हाय प्रेशर हीटर (बॉयलरमध्ये जाणारे पाणी टर्बाइनच्या वाफेने तापवणारे) सेवेत आहेत की नाहीत याचा उल्लेख नाही. ते बंद असतील तर पाणी बॉयलरमध्ये थंड येते, तेवढ्याच मेगावॅटसाठी कोळसा काही टक्क्यांनी जास्त जाळावा लागतो, आणि फर्नेसवरील उष्णतेचा भार तेवढाच वाढतो. काठावर असलेले फर्नेस एवढ्यानेही पलीकडे जाते. हीटरची गळती दुरुस्त केल्यावर क्लिंकरची तक्रार निवळली, असे मी प्रत्यक्ष पाहिलेले आहे.

कोळशाच्या मिश्रणाबाबत दोन सूचना आहेत. पहिली अशी की दोन कोळशांच्या वितळणांकांची सरासरी म्हणजे मिश्रणाचा वितळणांक नव्हे. लोहप्रधान बिट्युमिनस कोळसा आणि कॅल्शियमप्रधान सब-बिट्युमिनस कोळसा हे दोन्ही स्वतंत्रपणे निभावून जात असले, तरी त्यांच्या मिश्रणाची राख दोघांपेक्षाही लवकर वितळू शकते, कारण मिश्रणाचे गुणोत्तर नेमके त्या घातक पट्ट्यात येऊन बसते. म्हणून ठरवलेल्या प्रमाणातील मिश्रणाचीच चाचणी करावी, आणि एकाच नव्हे तर तीन-चार प्रमाणांची करावी. दुसरी सूचना यार्डातल्या कामाविषयी आहे. कागदावर ७० आणि ३० असे प्रमाण असले, तरी कोळसा ढिगावर एकावर एक ओतून बुलडोझरने ढकलला असेल तर बंकरमध्ये (मिलच्या वरच्या कोळसाकोठीत) काही तास नुसता एकच कोळसा येतो. फर्नेसला सरासरी कळत नाही. त्या काही तासांत धरलेला चिकट थर पुढचे कित्येक तास चांगल्या कोळशाची राखही पकडून ठेवतो. फीडरपाशी (मिलला कोळसा पुरवणाऱ्या यंत्रापाशी) दर दोन तासांनी घेतलेला नमुना स्वतंत्रपणे तपासला तर ही चढउतार उघडी पडते. एकाच मिलला वेगळा कोळसा देण्याची पद्धत काही ठिकाणी चालते, परंतु त्रासदायक कोळसा असेल तर मी ती टाळतो, कारण त्या बर्नरच्या पातळीवर त्याची राख कशानेही सौम्य होत नाही. कोळसा धुतल्याने सुटा पायराइट आणि माती बऱ्याच अंशी जाते. कोळशाच्या सेंद्रिय भागाशी बांधलेले सोडियम आणि कॅल्शियम अशा धुण्याने जात नाही, हे करार करताना लक्षात ठेवावे.

आता सूटब्लोअर. ते वाईट नाहीत. मात्र ते नेमके, वेळेवर आणि कोरड्या वाफेवर चालले पाहिजेत. फेऱ्या दुप्पट करण्याआधी प्रत्येक ब्लोअर खरोखर आत जातो का, पॉपेट व्हॉल्व्हनंतरचा (ब्लोअरला वाफ सोडणाऱ्या झडपेनंतरचा) वाफेचा दाब ठरवल्याइतका आहे का, नोझल उलटे किंवा झिजलेले तर नाही, हे एकेक करून पाहावे. पॅनेलवर फेरी पूर्ण झाल्याचा दिवा लागतो आणि प्रत्यक्षात वाफेचा झोत निम्म्या दाबाचा असतो, हे फार सामान्य आहे. वॉल ब्लोअरचा प्रभाव नोझलभोवती साधारण दीड ते दोन मीटरच्या वर्तुळापुरताच असतो. त्यामुळे दोन ब्लोअर बंद पडले की मधल्या भागात बेट तयार होते आणि तिथून क्लिंकर पसरत जातो. वाफेच्या नळातील साचलेले पाणी पूर्ण निघून जाऊन ड्रेनचे तापमान संपृक्त तापमानाच्या (त्या दाबाला वाफेचे पाणी होऊ लागते त्या तापमानाच्या) निश्चित वर गेल्याशिवाय फेरी सुरू करू नये. पहिल्या काही सेकंदांतील पाण्याचे थेंब नळीची भिंत कापतात, आणि पुढे होणाऱ्या ट्यूब लीकेजचे खापर मग राखेवर फुटते.

फेरी केव्हा करावी, याचे उत्तर घड्याळाने देऊ नये. ज्या भागाची उष्णता शोषण्याची क्षमता घटली आहे तोच भाग साफ करावा. प्रत्येक नळीसमूहाच्या आधीच्या आणि नंतरच्या वायू व वाफेच्या तापमानांवरून त्याची स्वच्छ अवस्थेशी तुलना काढता येते; त्यासाठी महागडी प्रणाली नसेल तर साध्या गणनपत्रकावरही काम भागते. स्प्रेचे प्रमाण, नळीसमूहांवरील ड्राफ्टमधील (वायूच्या दाबातील) फरक आणि आयडी फॅनचा (वायू बाहेर ओढणाऱ्या पंख्याचा) करंट हे तीन आकडे पाळीगणिक लिहून ठेवले तरी कुठे राख धरते आहे याचा कल कळतो. अनावश्यक फेऱ्यांचे तोटे तीन आहेत : वाफ वाया जाते, नळ्या झिजतात, आणि सैल, निरुपद्रवी थर निघून उघडी नळी झोताच्या माऱ्यात येते. पण ज्या भागात राख वेळेनुसार घट्ट होत जाते, तिथे उशीर करणे त्याहून महाग पडते. आपल्याकडे भिंतीवर वितळलेला, चकाकणारा थर आधीच असेल तर प्रथम काही रात्री लोड निम्म्यापर्यंत उतरवून तो गळू द्यावा. थंड होताना नळी आणि क्लिंकर यांचे आकुंचन वेगवेगळे होते आणि ठिसूळ झालेला थर सुटून पडतो. त्यानंतर स्वच्छ भिंतीवर ब्लोअरचे नवे वेळापत्रक सुरू करावे. पाण्याचे झोत वापरणारी उपकरणे हट्टी थर काढतात हे खरे असले, तरी नळ्यांना बसणाऱ्या उष्णतेच्या धक्क्यांनी आडव्या भेगा पडू शकतात, म्हणून ती फक्त निरीक्षणाची पक्की व्यवस्था असेल तरच वापरावीत.

लोड उतरवताना मोठा क्लिंकर पडण्याचा धोका गांभीर्याने घ्यावा. काही टनांचा तुकडा खाली कोसळला तर हॉपरच्या नळ्या चेपतात, तळाच्या पाण्यात पडल्यास वाफेचा स्फोट होतो, फर्नेसचा दाब उसळून युनिट ट्रिप होते (आपोआप बंद पडते), आणि कमी लोडवर ज्वाळाही विझू शकते. त्या वेळी ऑइल गन (ज्वाळेला आधार देणारे तेलाचे बर्नर) तयार ठेवाव्यात, बॉटम ॲश (तळाची राख काढण्याच्या) भागात कोणालाही थांबू देऊ नये, आणि निरीक्षणद्वारातून सळईने क्लिंकर पाडण्याचे काम पूर्ण संरक्षक पोशाख, लेखी परवानगी आणि नियंत्रण कक्षाशी सतत संपर्क यांशिवाय कोणालाही करू देऊ नये. भाजण्याचे जे अपघात या कामात होतात त्यांतील बरेच दार उघडे असताना आतला दाब क्षणभर धन झाल्याने होतात. दोन मिनिटांची घाई माणसाला आयुष्याला मुकवते, म्हणून या बाबतीत मी कोणतीही सवलत मान्य करत नाही.

वरील सर्व केल्यावरही निर्देशांक घातकच राहत असतील आणि कोळसा बदलता येत नसेल, तर ॲडिटिव्हचा विचार करावा. पण ते कोणत्या यंत्रणेने काम करते हे विक्रेत्याकडून स्पष्ट समजून घ्यावे. केओलिन ही ॲल्युमिनोसिलिकेट माती सोडियमच्या वाफा पकडून १५०० अंशांच्या आसपास वितळणारी संयुगे बनवते, म्हणून ती सोडियममुळे होणाऱ्या फाउलिंगवर योग्य ठरते. मॅग्नेशियमची संयुगे थर ठिसूळ करतात, त्यामुळे ब्लोअरला तो सहज पाडता येतो. लोहामुळे आणि ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे होणाऱ्या स्लॅगिंगवर यांपैकी काहीही घातले तरी मूळ कारण तसेच राहते. चाचणी घेताना आधी काही आठवडे ॲडिटिव्हशिवायची नोंद ठेवावी, मग तोच कोळसा, तेच लोड आणि तेच ब्लोअर वेळापत्रक ठेवून ॲडिटिव्ह सुरू करावे, आणि शेवटी ते बंद करून परिस्थिती पूर्ववत होते का तेही पाहावे. बंद करण्याचा हा टप्पा विक्रेत्यांना आवडत नाही, परंतु त्याच्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. राखेची विक्री होत असेल तर मॅग्नेशियम किंवा अन्य भर पडल्याने तिच्या गुणवत्तेवर काय परिणाम होतो, हेही आधी तपासून घ्यावे.

एअर प्रीहीटरबाबत (बाहेर जाणाऱ्या वायूने ज्वलनाची हवा तापवणाऱ्या भागाबाबत) आपण विचारलेले नाही, म्हणून एवढेच सांगतो की तिथले चोंदणे निराळे असते. गंधकाम्लाच्या दवबिंदूखाली गेलेले थंड टोक किंवा अमोनिया वापरणाऱ्या यंत्रणेतून निसटलेल्या अमोनियापासून बनणारे चिकट अमोनियम बायसल्फेट ही त्याची नेहमीची कारणे होत, आणि फर्नेसमधील उपायांनी ते सुटत नाही.

पुढच्या बंद काळात आत जाण्यापूर्वी वर लोंबकळणारे क्लिंकर पाडून घ्यावेत आणि मगच तपासणी सुरू करावी. काही धुण्याआधी प्रत्येक भागातून राखेचे तुकडे काढावेत, आणि त्यांची नळीकडची बाजू व ज्वाळेकडची बाजू वेगळी ठेवून, जागा, उंची व दिशा लिहून पृथक्करणाला पाठवावेत. नळीकडच्या बाजूला सोडियम व सल्फेट आणि बाहेरच्या बाजूला फेरस लोह सापडले, तर एकाच थरात दोन वेगळ्या प्रक्रिया चालू आहेत हे कळते, आणि त्यांचे उपायही वेगवेगळे करावे लागतात. थर काढल्यावर त्याखालील नळ्यांची जाडी मोजून घ्यावी, कारण ऑक्सिजनविरहित भिंतीवर आणि सल्फेटांच्या थराखाली गंज लपून वाढत असतो. पाण्याने धुतल्यास भिजलेली राख आम्लधर्मी होते. म्हणून शेवटचे धुणे सौम्य अल्कली द्रावणाने करावे, निथळणाऱ्या पाण्याचा पीएच उदासीन येईपर्यंत थांबू नये, आणि बॉयलर ताबडतोब पेटवता येणार नसेल तर गरम हवा सोडून नळ्या कोरड्या कराव्यात.